बाथरूममधला दांडा

चार वाजता आई हॉस्पिटलमधून घरी येणार होती. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. पुन्हा पडल्या तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने त्याहून जोरात बजावलं होतं की बाथरूमला ती एकटीच जाणार, कोणी आत यायचं नाही. म्हणून कमोडशेजारी भिंतीला धरायला स्टीलचा दांडा हवा होता; दांडा, बोल्ट सगळं आणून ठेवलेलं. सुतार तीन दिवस 'आज येतो ताई' करत होता, शेवटी त्याचा फोनच बंद. गेला उडत, म्हटलं, ड्रिल आणते आणि मीच लावते. पण सोसायटीत दोननंतर ड्रिल चालवायला बंदी, आणि अकरा वाजून गेलेले.

नाहूर स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याने काउंटरवर दोन मशिनं ठेवली. एक बॅटरीवरचं, हलकं, हातात झकास बसणारं. दुसरं वायरवालं हॅमर ड्रिल, हे एवढं धूड.

"भिंत विटांची की काँक्रीटची?" त्याने विचारलं.

मला कुठे ठाऊक? जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला, त्यात राहायला येऊन आम्हाला जेमतेम सहा महिने झालेले. "भिंतीसारखी भिंत आहे," मी म्हटलं.

"टॉवर असेल तर हॅमरच घ्या, ताई."

हा मोठं मशीन गळ्यात मारतोय असं वाटून मी हलकंच उचललं. माझं हे असंच. कोणी 'हेच घ्या' म्हटलं की मी दुसरं घेणार.

घरी येऊन सुरू केलं. टाइलला भोक छान पडलं. त्यापुढे मशीन नुसतं किंचाळत राहिलं. मेल्या टॉवरच्या सगळ्या भिंती काँक्रीटच्या. मशीनचं टोक, म्हणजे बिट, काळं पडलं, भोक नखाएवढंही आत गेलं नाही. साडेबारा वाजले होते. वाट लागली होती आणि ती मीच लावली होती. रिक्षात बसून मी अक्षरशः रडले.

 दुकानदाराने मशीन बदलून दिलं आणि सांगितलं, "टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवा, नाहीतर तडकेल. काँक्रीट लागलं की चालू करा. आणि नळाच्या सरळ वर मारू नका, आत पाइप असतो."

पाइपचा मी विचारच केला नव्हता.

पेन्सिलच्या खुणा नळापासून चांगल्या दोन वीत लांब सरकवल्या. हॅमर चालू केलं तशी खांद्यापर्यंत हाडं हलली. दर भोकाला वाटे, आता पाणी उसळणार. चार भोकं, चार फास्टनर. दोनला पाच कमी असताना मशीन खाली ठेवलं, बोल्ट आवळले आणि दोन्ही पाय उचलून दांड्याला लोंबकळले. माझं वजन आईच्या दीडपट आहे.

आई आली. वॉकर दाराशी सोडला, दारातूनच हात लांबवून दांडा धरला, माझा हात झटकला आणि दार लोटून घेतलं.

आत काहीच आवाज नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. मी दार ढकलायला हात पुढे केला.

"अगं, दाराला कान लावून उभी राहू नकोस," आतून आई म्हणाली. "मला होत नाही."