नानांचा बोलका एन्तिम

…तर तो वकील आडोमाको शेवटी आलाच. हातात जिनच्या दोन बाटल्या आणि मागे ढोल! निवडणुकीला उभा होता ना. आमच्या अन्याकुरोम गावच्या राजाला, म्हणजे नानांना, त्याने भर अंगणात विचारलं, "नाना, गाव कुणाच्या बाजूने?"

आता माझा मित्र एन्तिम कोण, ते सांगतो. सकाळी ताडी काढायचा, दुपारनंतर नानांचा बोलका. आमच्याकडे राजा पाहुण्याशी थेट बोलत नाही. तो हळूच पुटपुटतो आणि सोनेरी मुठीची काठी घेतलेला बोलका ते सगळ्यांना मोठ्याने सांगतो. बोलक्याच्या तोंडून निघालं, तेच राजाचं. एन्तिमने हे तीस वर्षं केलं. आधीचे नाना नुसते शिंकले तरी एन्तिम ते असं सांगायचा, की सभेला आशीर्वाद मिळाल्यासारखं वाटायचं!

हे नाना नवे, तरुण, तापट. राजाने पक्षांच्या राजकारणात पडू नये असं राज्यघटना सांगते, हे त्यांना ठाऊक होतं. पण वकिलाने डांबरी रस्ता कबूल केलेला. मी नानांच्या डोक्यावर छत्री धरून मागेच उभा, त्यामुळे त्यांची कुजबुज माझ्याही कानी पडली: "सांग याला, गाव तुझ्याच मागे आहे."

अंगणात निम्मे लोक दुसऱ्या पक्षाचे. मागच्या खेपेला कोयते निघाले होते.

एन्तिम उठला, खाकरला. "नाना म्हणतात, वकीलसाहेब, आमचं पाणी प्यालात, बरं वाटलं. उद्या तुमचा विरोधक येईल, त्यालाही याच घागरीतलं देऊ. रस्ता मात्र दोघांकडे मागू!"

"पी रे वकिला, अजून पी!" म्हातारी अफुआ ओरडली. जे एकमेकांकडे बघत नव्हते, तेही खो खो हसले. वकीलसुद्धा हसला, करतो काय!

त्या वर्षी गावात एकही डोकं फुटलं नाही. माझे दोन मुलगे दोन पक्षांत, पण अजून एकाच भांड्यातला फुफूचा गोळा तोडून खातात. एन्तिम गेला तेव्हा ती काठी त्याच्या उशाशीच होती. मी अजून रोज ताडीचा पहिला घोट त्याच्या नावाने जमिनीवर ओततो.

पण त्या दिवशी, लोक पांगल्यावर, नाना कडाडले, "एन्तिम, हे मी बोललो होतो? ठेव काठी खाली!"

एन्तिमने काठी त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "घ्या नाना, मला माझी ताडी आहे. मंत्री तुमचं ऐकत नाही, पोलीस ऐकत नाही. भांडणारे दोघंही तुमच्यापुढे चपला काढून बसतात, एवढंच तुमच्याकडे आहे. तेही आज त्या वकिलाला देऊन टाकलं असतं, तर उद्यापासून आपण दोघांनी बोलायचं तरी कुणाशी?"