रस्त्यावरून दिसतं का?

डाळ मिलमधल्या गरम तूरडाळीचा खरपूस वास आला, की मला जळगावच्या आमच्या डाळ मिलशेजारच्या कार्यालयातली खिडकीजवळची रिकामी खुर्ची आठवते. कुणी "झालं" म्हटलं, की चाचणी विभागाच्या प्रमुख अक्का चहाचा कप उचलून त्या खुर्चीवर जात आणि तिथल्या संगणकावरून तेच काम पुन्हा पाहत. करणाऱ्याच्या संगणकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. रागात वा मायेत त्या आपल्या साक्रीकडच्या बोलीत उतरत: "घरमा बशीसन तुले दिसस, त्यानं काय कवतिक? रस्तावरथीन दिसस का?"

मी कवितेच्या वाटेनं सॉफ्टवेअरमध्ये आलेली. ठिबक सिंचनाच्या आमच्या प्रणालीसाठी पहिली चाचणी लिहिताना मी नमुन्याची शेतकरीण घातली: नाव मृण्मयी, पीक निशिगंध. अक्कांनी चष्म्यावरून पाहिलं. "शेतकरीण मागितली होती बाई, तू नायिका आणलीस. हिच्या शेताला पाणी कोण देणार, चंद्र?"

नायिका रुसली मात्र खरी. संध्याकाळपर्यंत चाचणी पास होऊन हिरवी झाली नाही, तर माझी नोकरी कायम होणार नव्हती. चाचणी आधी मृण्मयीची नोंद डेटाबेसमध्ये करी, मग वेब कॉल करून तिची माहिती मागे. आणि दर वेळी उत्तर रिकामं येई. चाचणीच्या आतून पाहावं, तर ती तिथंच!

अक्का त्यांच्या खुर्चीवर गेल्या. तिथून डेटाबेस उघडला, तर मृण्मयीचा मागमूस नव्हता.

"भरीत अजून तुझ्या चुलीवर," त्या म्हणाल्या, "आणि पाहुणा ओसरीत ताट घेऊन बसलाय. नोंद केलीस, पण कमिट करून पक्की कुठे केलीस? वेब कॉल वेगळ्या जोडणीनं येतो, त्याला तुझं स्वयंपाकघर दिसत नाही. आधी वाढ. जेवण झालं, की खरकटंही तूच काढायचं."

मी वेब कॉलच्या आधी कमिट केलं, शेवटी नोंद पुसणारी ओळ लिहिली. चाचणी हिरवी झाली, कपाशीच्या कोवळ्या पानासारखी. नोकरी राहिली. अक्कांचे आभार मात्र मी मनातच मानत राहिले. वर्षानुवर्षं, अगदी वृत्तात.

मग अक्का निवृत्त होऊन धुळ्याला लेकीकडे निघाल्या. बसस्थानकावर मी भाषण पाठ करून गेले होते. पहिली ओळच आठवेना. इंजिन घरघरलं. तेव्हा भर गर्दीत, सगळ्यांदेखत, खिडकीबाहेर आलेला त्यांचा हात मी कपाळाला लावला आणि मोठ्यानं रडले.

अक्का क्षणभर मला तपासत राहिल्या. मग म्हणाल्या,

"रस्तावरथीन दिसनं."