मायचा गेटपास

मी लिहिणाऱ्यांपैकी नाही. घरात पहिला शिकणारा मीच, तेव्हा शब्द कमी पडले तर दोष माझा, घरच्यांचा नाही. उद्या इंग्रजीच्या सरांचा निरोपसमारंभ आहे. विद्यार्थ्यांच्या वतीने मी बोलायचं ठरलं आहे. त्याआधी हे कागदावर उतरवतो. धाडस होतंय, माफ करा.

दोन वर्षांपूर्वीचं गॅदरिंग. देवपुरातलं आमचं कॉलेज. फिशपॉन्ड चालू होते. ज्याची टर उडवायची त्याचं नाव पुकारायचं, चिठ्ठी वाचायची, स्टेजवर बोलावून काहीतरी भेट द्यायची. माझं नाव पुकारलं. सेक्रेटरीने माईकवर वाचलं, "माय मदर फाइंड्स इट डिफिकल्ट टु एन्टर द गेट. सबब मातोश्रींना कॉलेजतर्फे गेटपास."

हॉल खदखदला. पुठ्ठ्याचा पास होता. सुतळीने माझ्या गळ्यात अडकवला. वर लिहिलेलं: सदर बाईस आत सोडावे.

मी हसलो. सगळ्यांत जास्त मीच हसलो. पास गळ्यात तसाच ठेवून खाली उतरलो. आजही लाज वाटते ती त्या हसण्याची.

वाक्य माझंच होतं. एखाद्याला एखादी गोष्ट अवघड जाते, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सरांनी शिकवलं होतं. फळ्यावर साचा लिहिला. त्यात बसवून दहा वाक्यं घरून आणा म्हणाले. "खरी लिहा. वही माझ्याशिवाय कुणी बघणार नाही." शहरातल्या मुलांनी गाइडमधून डोंगर चढणं, नदी पोहून जाणं उतरवलं. त्यांतल्या कुणी कधी पांझरेत पायसुद्धा घातला नसेल. मी खरी लिहिली. मास्तर खरं लिही म्हणाले की आम्ही खरंच लिहितो. ही चूक आमच्याच वस्तीतली पोरं करतात.

माय एकदा पारोळ्याकडून गाडीने आली होती. फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. सकाळपासून कॉलेजच्या गेटाबाहेर लिंबाखाली उभी. मी तास संपवून दुपारी बाहेर पडलो तेव्हा दिसली.

"आत का नाही आलीस? कुणी अडवलं का?"

"कोनी आडावं नही," ती म्हणाली. "पन ये बी म्हनं नही."

गावच्या शाळेतही ती कुंपणाबाहेरच थांबायची. आमच्या वस्तीतल्या बाया तिथेच थांबतात. सांगावं लागत नाही.

तेच मी लिहिलं. सरांनी खाली लाल शाईने शेरा मारला: छान. मन हेलावलं. तो शेरा मी किती वेळा वाचला असेन.

वही दोघांनीच पाहिली होती. सरांनी, आणि होस्टेलच्या माझ्या खोलीतल्या रघुनाथने. सरांवर संशय घेणं मला जमलंच नाही. त्यांनी मला घरी बोलावलं होतं, त्यांच्याच कपात चहा दिला होता. तो कप मी दोन्ही हातांनी धरला होता. रघुनाथ माझ्याच गावचा, माझ्याच वस्तीचा. त्याला भर मेसमध्ये म्हणालो, "आपला असून मायचं हसं केलंस."

"मी नही रे भाऊ," तो म्हणाला. एवढंच. मी ताट उचलून दुसरीकडे बसलो. मग बाकीचेही त्याच्याशेजारून उठू लागले. परीक्षेआधी त्याने कॉलेज सोडलं, बोदवडला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. मी एक कार्डही टाकलं नाही. सरांचा मात्र लाडका झालो. म्हणून तर उद्याचं भाषण माझ्याकडे.

आज दुपारी बोदवडहून पाकीट आलं. आत रघुनाथच्या चार ओळी.

"भाऊ, तू सरना सत्कारमा बोलनार शे अशी खबर लागनी. आधी हाई चिठ्ठी देख. हॉल झाडताना सापडनी व्हती. तवय सांगं नही. तुले तोच एक मानूस व्हता."

गॅदरिंगनंतर हॉल झाडायचं काम आम्हा होस्टेलच्या पोरांचं. त्या दिवशी मी खोलीत तोंड झाकून पडलो होतो. माझ्या वाटचं रघुनाथने झाडलं.

सोबत ती चिठ्ठी. लाल शाई. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या वहीतल्या शेऱ्याचं होतं, तेच.

भाषण दोन पानांचं तयार होतं. फाडलं. उद्या मी फक्त चिठ्ठी वाचणार, कुणाची ते सांगून. मग हारतुऱ्यांसाठी थांबणार नाही. बोदवडला जाणार. रघुनाथ दारात उभं करेल की नाही, माहीत नाही. जाणार.

चिठ्ठीतलं फिशपॉन्ड सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्याच्याखाली सेक्रेटरीसाठी सरांनी एक ओळ लिहिली आहे. ती अजून कुणी ऐकलेली नाही. उद्या ऐकतील.

"पोरगं साधं आहे. हसून घेईल."