उभा कॅमेरा घेऊ नये: नांदेड, उदगीर, देवणी

१. शनिवारी सकाळी नांदेडहून उदगीरला गेले.
२. तिथे व्हिडिओसाठी जुना डीएसएलआर घेतला. माझा पहिलाच.
३. मुक्काम देवणीला, व्यंकटमामांकडे.
४. रविवारी सकाळी मामांना रेकॉर्डिंगबद्दल विचारलं. ते नाही म्हणाले.
५. माझ्याकडे बेचाळीस सेकंद आहेत.

आता सविस्तर. फक्त कॅमेरा निवडायचा असेल त्यांनी उदगीरचा भाग वाचून थांबलं तरी चालेल.

देवणी भागात कुणाला बैल घ्यायचा असला की तो व्यंकटमामांना बाजारात सोबत नेतो. मामा बैलाभोवती एक फेरी मारतात आणि बोलायला लागतात. ते बोलणं ऐकायला चार माणसं उगाच थांबतात. तीन महिन्यांपासून त्यांचा घसा बसला आहे. पुढच्या आठवड्यात मंगळवारी लातूरला ऑपरेशन आहे. नंतर आवाज कसा राहील याची खात्री डॉक्टरांनी दिलेली नाही. ते बोलणं एकदा सलग रेकॉर्ड करायचं म्हणून मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. फोन दिवाळीत वापरून पाहिला होता. गोठ्यातल्या कमी उजेडात मामांचा चेहरा नुसता काळा दिसला.

नांदेडच्या दुकानातले नवे कॅमेरे माझ्या बजेटबाहेर होते. उदगीरचे अनीसभाई लग्नाचं शूटिंग करतात. त्यांना दोन जुने डीएसएलआर विकायचे होते. लोहा, कंधार, जळकोट करत एसटीने तीन तासांच्या वर लागले. कंधारपुढे रस्त्याचं काम चालू आहे, पाठीचा त्रास असेल तर मागची सीट घेऊ नका. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, शंभराची नोट पुरली. जळकोटला गाडी दहा मिनिटं थांबते. तिथली मिरची भजी खावीत, चहा टाळावा.

मला न्यायला मामा देवणीहून उदगीरला आलेच होते. कॅमेरा कशासाठी, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेली भाची काहीतरी यंत्र घेते आहे, एवढंच त्यांना माहीत होतं.

अनीसभाईंनी दोन्ही कॅमेरे काचेवर ठेवले. मी यादी काढली: शटर किती वेळा उडालं आहे, सेन्सरवर धूळ, बॅटरी, माइकची पिन बसते का, सलग किती वेळ रेकॉर्ड होतं. ट्रायपॉड लावून समोरच्या कॅलेंडरचा व्हिडिओ घेतला. पहिला कॅमेरा जवळजवळ नवा होता. दुसऱ्याचे कोपरे घासून पांढरे पडले होते.

"हा पहिला घेते," मी म्हटलं.

"ह्यानं किती नवरदेव उंच केलास रे अनीस?" मामांनी विचारलं. आवाज खरखरीत, पण चेष्टा शाबूत.

"मामू, उंच करायला नवरदेवाला पाटावर उभं करतो. कॅमेऱ्याला कशाला तरास?"

मामा माझ्याकडे वळले. "आन् तू काय बघलालीस मघाधरनं?"

"तपासतेय."

"उभा बैल समदाच चांगला दिसतोय माय. चालवून बघितलीस का?"

मी चालवून बघितलं नव्हतं. माझ्या यादीत ते नव्हतंच. आम्ही बाहेर गल्लीत आलो. मामा वीस पावलं लांब गेले आणि माझ्याकडे चालत आले. पहिल्या कॅमेऱ्यात ते स्पष्ट, मग धूसर, मग त्यांच्यामागची दुकानाची पाटी स्पष्ट. फोकस माणूस शोधत मागेपुढे हेलकावत होता. घासलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याने त्यांना एकदा धरलं ते सोडलं नाही. मामा चालता चालता बोलतही होते:

"खूर बघ. मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडला पायजे. खांदा बघ. डोळा शेवटाला बघायचा. आधी डोळा बघितला की बाकीचं काई दिसत न्हाई."

बेचाळीस सेकंद. मी दुसरा घेतला.

वाचकांसाठी: शटरचा आकडा फोटोसाठी महत्त्वाचा. व्हिडिओत शटर उघडंच राहतं, त्यामुळे त्या आकड्याला भुलू नका. माइकची पिन हवीच. ट्यूबलाइटखाली पंचवीस फ्रेम आणि एक-पन्नासांश सेकंद शटर स्पीड ठेवा, नाहीतर पट्टे येतात. आणि समोरून माणूस चालवा.

संध्याकाळी देवणी. मामींनी आणि मामेबहीण जयश्रीने अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी केली होती. मामा भाकरी दुधात कुस्करून सावकाश गिळत होते.

रविवारी सकाळी सातला गोठ्यात पूर्वेचं ऊन आलं. मामांचा पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांचा, देवणी जातीतला शेवेरा बैल दाराशी बांधला होता. मी आधी ट्रायपॉड लावला आणि मग विचारलं. क्रम चुकला.

"हे कशाला?"

"तुमचं बोलणं रेकॉर्ड करायचंय. सगळं. ऑपरेशनच्या आधी."

मामा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "बाजारला न्यायच्या बैलाचाच फोटो आपल्या घरात काढत्यात. ठाव हाय का तुला?"

"नाही."

"काढला म्हंजे त्यो गेला असं धरलं. मी दवाखान्यात चाललोय, पोरी. बाजारला न्हाई."

आतून मामी म्हणाल्या, "अवो, लेकरू एवढ्या लांबनं आलंय…"

"आलंय तर भाकरी खाऊन जाईल."

मी ट्रायपॉड मिटला. भाकरी खाल्ली. स्टँडवर सोडायला मामा आले. ब्लॉगवर लिहू का, असं मी विचारलं. "लिही की, लिहायला काय जातंय? फोटो तेवढा लावू नको." म्हणून या पोस्टमध्ये एकही फोटो नाही.

नांदेडला परतताना कॅमेरा मांडीवरच होता. जे बिघडू शकतं त्याची प्रत आधी काढून ठेवावी, असं मी शिकले आहे. ते चूक नाही. पण ट्रायपॉडकडे बघून मामांना जे कळलं, तेही चूक नव्हतं. मी त्यांचा आवाज गेला असं धरूनच उदगीरला गेले होते.

मामा, जयश्री हे तुम्हाला वाचून दाखवेल. अनीसभाईंच्या गल्लीत तुम्ही चालत आलात, ते मी पुसलेलं नाही. प्रत काढलेली नाही, कुणाला दाखवलेलंही नाही. ठेवू की पुसू, तुम्ही सांगाल तसं करेन.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा. जयश्रीकडून मेसेज नको. तुम्ही फोन करा.