महिपतकाकांची चकाकी

विमलने तो बोल मुकाट्याने अंगावर का घेतला, हे अनसूयाबाईंच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं. पोरगी इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स. नवं राज्य होऊन भोपाळ राजधानी झाली, तिथल्या इस्पितळात बदलीसाठी तिचं नाव जायच्या ऐन वेळी कागदावर तपासणीच्या साहेबांचा शेरा आला, "निष्काळजी. हिच्यामुळे स्टीलची अवजारं गंजली."

गंजली खरीच. पण गंजवली कोणी? संस्थानाची पलटण विलीन झाली तेव्हा सुभेदार महिपतराव इस्पितळाच्या भांडारावर आले. बिल्ल्यात तोंड दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची विद्या. तपासणीला साहेब येणार म्हणताच त्यांनी सगळे चिमटे, कात्र्या लोखंडी तारेच्या चोथ्याने, मीठ-चिंच लावून घासून घेतल्या. "काका, हे पितळ नाही," विमल म्हणाली, तर म्हणे, "मला शिकवतेस? माझी तलवार कधी गंजली नाही!"

अनसूयाबाई रसायन घेऊन बी.एस्सी. झालेल्या. लेकीला त्यांनीच समजावलं होतं. स्टीलमधलं क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन वर साय धरतं, डोळ्यांना न दिसणारी. ओरखडा गेला तर ती पुन्हा धरते. पण वर लोखंडाचा चुरा रुतला, मीठ राहिलं, की साय तिथे टिकत नाही आणि तांबूस ठिपके उठतात.

"मग साहेबांना हे सांगितलं का नाहीस?"

"छोड़ो ना आई. काका दर दसऱ्याला आपल्याकडे सोनं घेऊन येतात. पेन्शन तोंडावर आलीय, अब इस उमर में..."

"त्यांची ती अब्रू, आणि तुझी काय पायपुसणं?"

"उगाच भडकतेस. नायट्रिक आम्लात धुतली की अवजारं साफ होतील."

"अवजारं होतील गं. शेरा कशात धुणार आहेस?"

विमल चहा ठेवायला उठली. तेवढ्यात दारात महिपतरावच उभे, हातात पेढ्यांचा पुडा.

"पोरगी भोपाळला चालली म्हणून आणले. वहिनी, तिला जरा शिस्त लावा हं. तरुणपणी होतो असा हलगर्जीपणा. मी साहेबांना म्हटलं, पोर आहे, सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या! विमलने खाली मान घालून चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. ती खालची मान पाहून अनसूयाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी खुंटीवरची शाल ओढली.

"आई, कुठे?"

"दाना ओलीच्या गल्लीत, औषधाच्या दुकानातल्या फोनवर. हा शेरा ज्यांच्या हाती पडणार, त्या भोपाळच्या बड्या डॉक्टरसाहेबांना ट्रंक कॉल लावते. बसा भावजी, चहा घ्या. चोथा कोणी आणवला, हे ते तुम्हालाच विचारतील."