एकशे चव्वेचाळीस खणांची गोष्ट

स्वतः लिहिलेली गोष्ट एकदा तरी वाचायला मिळावी म्हणून जिवाचं रान करणारा माणूस अख्ख्या जगात एकच झाला, आणि तो मुलुंडला आमच्या आत्याच्या शेजारच्या खोलीत राहत असे. तो म्हणजे आत्याचे मोठे दीर. तुम्ही म्हणाल, गोष्ट हरवली होती की काय? छे! गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर, भिंतीला टेकून उभी होती. अक्षर सुवाच्य, शाई ठसठशीत, कागद जाड. चष्माही सदा नाकावरच असे. तरी सात वर्षांत त्यांना ती वाचता आली नाही. असं का, हे सांगायचं तर आधी त्या माणसाबद्दल सांगायला हवं, आणि नमनालाच घडाभर तेल जाणार असेल तर जाऊ दे.

मी त्यांना काका म्हणत असे. ते मालवणकडचे, लग्न न केलेले, आणि टपालखात्यात सॉर्टर म्हणून उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. उभं म्हणजे अक्षरशः उभं. समोर खणाखणांची मोठी लाकडी मांडणी, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, आणि उजव्या हाताने एकेक पत्र आपापल्या गावाच्या खणात. हे इतकी वर्षं केल्यावर माणसाचं जे होईल तेच त्यांचं झालं होतं. भाजीवाल्याच्या टोपलीत मिरच्या आणि भेंड्या सरमिसळ दिसल्या की ते उभ्या उभ्या निवडून देत. आमच्या घरच्या लग्नात ते जेवणाच्या पंगतीत सापडेनात म्हणून शोधलं, तर हॉलच्या दारात सगळ्यांच्या चपला गावांप्रमाणे लावून बसले होते. वऱ्हाडी घाटकोपरचे डावीकडे, विक्रोळीचे मधे, आणि मुलाकडची मंडळी मरोळची म्हणून पार जिन्यापाशी. मुलाकडच्यांना तो अपमान वाटला आणि विहिणीची समजूत काढता काढता आत्याच्या नाकी नऊ आले. वर्तमानपत्रात त्यांना एकच प्रकारची बातमी आवडे, जिच्या शेवटी ‘पान सातवर’ असं लिहिलेलं असतं ती. जी बातमी जागच्या जागी संपते ती त्यांच्या मते बातमीच नव्हती. बोलणंही तसंच. मी गेलो की ‘ये, बस’ नाही. ‘चहा घेणार असशील तर स्टो पेटव, नसशील तर तसाच खाटेवर जा.’ मी स्टो पेटवला की, ‘साखर हवी तर डावा डबा, नको तर उजव्याकडे बघू पण नको, थंय मीठ आसा.’

निवृत्त होताना कचेरीतली एक जुनी मांडणी भंगारात निघाली होती, ती काकांनी मागून आणली. सुताराकडून वाढवून घेतली आणि बारा आडवे, बारा उभे असे एकशे चव्वेचाळीस खण करून घेतले. खोलीची एक भिंत त्यातच गेली. चाळीने तिला ताबडतोब कबुतरखाना म्हणायला सुरुवात केली. दोन वर्षं काका काहीतरी खरडत होते, आणि मग एका रविवारी दुपारी त्यांनी आत्याला, मला आणि चाळीतल्या चार माणसांना बोलावून जाहीर केलं की त्यांची कादंबरी पूर्ण झाली आहे आणि ती उभ्याने वाचायची आहे.

प्रकार असा होता. प्रत्येक खणात एक कार्ड. पहिल्या खणातल्या कार्डावर गणपत नावाच्या गृहस्थाच्या हाती एक पत्र पडतं, ज्याच्यावरचा पत्ता पुसट झाला आहे. खाली लिहिलेलं असे, ‘गणपत पत्र फोडतो, तर खण ३१. गणपत पत्राचा मालक शोधायला निघतो, तर खण ८८.’ मग तुम्हाला हवं त्या खणात जायचं, तिथलं कार्ड वाचायचं, तिथून पुढे. कुणाचा गणपत खारदांड्याला जाऊन होडीत बसे आणि परत येत नसे. कुणाचा मरोळच्या कारखान्यात रखवालदार होई. कुणाचा गावठाणातल्या एका ख्रिस्ती मुलीशी लग्न करून डुकरं पाळी. तेवीस शेवट होते. आम्ही सगळे तोंडात बोट घालून बघत राहिलो, कारण अशी गोष्ट आम्ही तोवर पाहिलीच नव्हती. खरं सांगतो, ती चांगली होती. पहिल्याच रविवारी मी ती चार वेळा वाचली आणि तीन वेळा मेलो.

काकांचा नियम एकच. मागे फिरायचं नाही. पण लोक चतुर. ते नव्या खणात डोकावताना एक बोट जुन्या खणात अडकवून ठेवत, म्हणजे गणपत बुडायला लागला की गुपचूप माघारी येता येई. काका मागेच उभे असत. ‘बोट काढ मेल्या!’ असं ते ओरडले की शेजारच्या खोलीतलं बाळ दचकून रडायला लागे. आत्याने मात्र एकदाच वाचली, तीही पहिल्या कार्डापुरती. पत्र फोडायचं? नाही. मालक शोधायला उन्हातान्हात हिंडायचं? मुळीच नाही. ‘भावोजी, दुसऱ्याचं पत्र आपण ठेवूच कशाला? टाक म्हणावं परत पेटीत, आणि घरी जाऊन जेव.’ असा खणच नव्हता. काका आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी एक कार्ड बदलून तो शेवट लिहिला आणि तिच्या हातात आणून दिला. ती म्हणाली, ‘हा कसा, पटण्यासारखा आहे.’

वर्षभर चाळ त्या भिंतीसमोर रांगेत उभी राहिली. मग घरोघरी टीव्ही आले आणि रविवारी लोक सिनेमा बघायला खोल्याखोल्यांतून दाटीवाटीने बसू लागले. तिथे कुठे जायचं हे कुणी विचारत नाही, नुसतं बसलं की झालं. काकांच्या दारात येणारा मीच उरलो. तेव्हा मी घाटकोपरला राहत होतो, मरोळला नोकरी करत होतो, आणि आत्याकडच्या माशांसाठी रविवारी मुलुंडला जात होतो. मी जेवून त्यांच्या खोलीत गेलो की दिसायचं, काका भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलेले. दार सताड उघडं. कुणी येईल म्हणून.

एकदा मी सहज विचारलं, ‘काका, तुम्ही स्वतः वाचता की नाही ही गोष्ट?’

‘वाचतंय खंयचो? तपासतंय,’ ते म्हणाले. ‘कार्ड जागेवर आहे का, कोपरा दुमडला का. तुला दोन वाटा दिसल्या की वाटतं, काय असेल रे पलीकडे? मला पलीकडचं सगळं सामान दिसतं. मीच लावलेलं.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘सैपाक करणाऱ्या बाईला जेवण कसं लागतं, इचार तुझ्या आत्याक.’

आत्याला विचारलं. ती म्हणाली, ‘वासानेच पोट भरतं रे. पण कुणी वाढलं ना, की आपलंच गोड लागतं.’

हे मी काकांना सांगायला नको होतं. त्यांनी ते मनावर घेतलं. आपल्याला आपलीच गोष्ट कुणीतरी वाढली पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात बसलं. आधी त्यांनी सहा महिने भिंतीवर चादर टाकून ठेवली, विसरायला. विसरेना. देशातले पिनकोड मुखोद्गत असलेला माणूस, तो काय विसरणार! मग मला म्हणाले, ‘मी बाजारात जातो, तू कार्डं कशीही कोंब.’ मी घामाघूम होऊन सगळी भिंत उलटीपालटी केली. काका आले, पिशवी ठेवली, आणि बांगडे किती बारीक होते याची तक्रार करत भिंतीसमोर उभे राहिले. बोलता बोलता त्यांचे हात चालू लागले. डाव्या हातात गठ्ठा, उजव्याने सट् सट् सट्. बांगड्यांचं पुराण संपेपर्यंत एकशे चव्वेचाळीस कार्डं आपापल्या जागी. मग वळून मला म्हणाले, ‘कोंब आता. थांबलास कित्याक?’ हात कधी चालले हे त्यांना कळलंच नव्हतं. मी दाखवून दिलं तेव्हा ते आपल्या हातांकडे रागाने बघत राहिले. मी हसलो, पण नंतर घरी जाताना मला ते हसू नको झालं.

शेवटी अडला हरी, आणि गाढव मी. फावल्या वेळात मी थोडंफार लिहीत असे, त्याबद्दल त्यांचं मत फार काही चांगलं नव्हतं, तरी त्यांनी मला एक कोरं कार्ड दिलं. ‘तू एक लिही. माझ्यासारखं अक्षर काढ, नाहीतर मी लांबूनच ओळखीन. आणि मी नसताना कुठलंही एक काढून तिथे हे ठेव. मला सांगू नको कुठे. एक तरी खण असा पाहिजे, ज्यात काय आहे ते मला ठाऊक नाही.’ हे सांगताना त्यांचा आवाज इतका हळू झाला होता की मी लगेच हो म्हणून बसलो.

आणि लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू. कधी ओव्हरटाइम, कधी लग्नासाठी मुली बघणं, आणि एरवी नुसता आळस. दर रविवारी काका तोंडाने काही विचारत नसत, पण माझ्याकडे बघत. पाचव्या-सहाव्या रविवारी मला ते बघणं सोसेना. ‘टाकलं,’ मी म्हणालो.

‘कधी?’

‘मागच्या रविवारी. तुम्ही नळावर गेला होतात तेव्हा.’

काकांनी टाळी वाजवली. साठी उलटलेला माणूस, लहान मुलासारखी टाळी.

त्या दिवसापासून काका वाचायला लागले. पहिल्या खणापासून, एकेक पाऊल, सगळ्या वाटांनी. प्रत्येक कार्ड हातात घेऊन संशयाने बघत, मोठ्याने वाचत, पुन्हा वाचत. ‘हे वाक्य तुझं असेल. छे, तुला एवढं कुठलं!’ ‘ही होडी मी अशी उलटवली होती? झकास उलटवली रे!’ मी रविवारी गेलो की आठवड्याचा अहवाल मिळे. ‘साठ झाली. अजून सापडलं नाही. बेमालूम ठेवलंस!’ दाढी करायला लागले, गुणगुणायला लागले. आत्या म्हणाली, ‘भावोजींना काय झालंय? परवा माझी आमटी चांगली झाली म्हणाले.’ न ठेवलेली वस्तू तो माणूस शोधत होता, आणि एकशे चव्वेचाळीसावं कार्ड संपलं की काय होणार हे मला दिसत होतं. म्हणून एका शनिवारी मी बसलोच. अक्षराची नक्कल करत कार्ड लिहिलं. गणपतला एक कुत्रा भेटतो, असलं काहीतरी सुमार होतं. दुसऱ्या दिवशी ते खिशात घालून मुलुंडला गेलो.

काका दारातच उभे होते. हातात कार्ड.

‘सापडला!’

त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि वाचून दाखवलं. ‘गणपतने दार वाजवलं. आतून कुणीतरी विचारलं, कोण? इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. म्हणून तो उत्तर न देता तसाच उभा राहिला, आणखी एकदा विचारतील म्हणून.’

मी ते कार्ड ओळखलं. त्या पहिल्या रविवारी मी ते वाचलं होतं. सत्त्याण्णवावा खण. कागद पिवळा पडला होता, शाई तपकिरी झाली होती, अक्षर त्यांचं होतं, सगळं त्यांचं होतं. पिनकोड न विसरणारा माणूस हे विसरला होता. मी खिशातलं माझं कार्ड आणखी आत ढकललं. काका मात्र खुलले होते.

‘ह्यां माका सुचला नसता,’ ते म्हणाले. ‘मी आपला होड्या उलटवणारा माणूस. तुका कसा कळला रे हे?’

तेव्हा सांगायला हवं होतं. काका, हे तुमचं आहे, असं लिहिणारे तुम्हीच. ती शाबासकी त्यांच्या हक्काची होती आणि मी ती ढापली, याची लाज मला आजही वाटते. पण सांगितलं असतं तर कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी लिहून ठेवलं, हा त्यांचा आनंद मी काढून घेतला असता. मी म्हणालो, ‘असंच. सुचलं.’

काकांनी कार्डाची खालची ओळ, जिथे पुढच्या खणांचे आकडे होते, ती अंगठ्याने झाकली. ‘आकडे बघत नाय. तू लिवलंस, तूच सांग.’ ते माझ्याजवळ सरकून बसले. ‘मगे? परत इचारतत काय?’

शेजारच्या खोलीत टीव्हीवर सिनेमा सुरू झाला होता. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, पुढे काय होणार हे खरंच ठाऊक नसलेल्या माणसासारखे.

‘इचारतत, काका,’ मी म्हणालो.