पात्यावरचा लेप

एसटीत गप्पा मारणारी माणसं मला नकोशी होतात. पण गणपतीपुळ्याला जाताना भेटलेले ते गृहस्थ विसरता येत नाहीत. तिघांच्या बाकावर आमच्या मध्ये त्यांची बायको झोपलेली. तिच्यावर ऊन येऊ नये म्हणून ते खिडकीशी पुढे सरकून बसले होते. समुद्राकाठच्या वीज केंद्रात गॅस टर्बाइनची पाती सांभाळण्यात त्यांची नोकरी सरली होती.

“खारा वारा टर्बाइनच्या आत गेला नि आगीत सापडला, की मीठ निकेलच्या पात्यालापण खातं,” ते हळूच म्हणाले. “म्हणून वर ॲल्युमिनियमचा लेप. आधी तो झिजतो, पातं वाचतं.”

“आणि लेप संपला की?”

“नवा चढवायचा, दुसरं काय!”

तेवढ्यात बाई जाग्या झाल्या. नवऱ्याचा उन्हानं लाल झालेला हात पाहून त्यांनी त्यावर पदर पसरला.